आधी विहीर, मग गॅलरी: कोकणात पहिलं घर घेणाऱ्यांसाठी

गणपतीत आणि मे महिन्यात माझा फोन शांत नसतो. मुंबईकर गावाला आलेले असतात, संध्याकाळी भाट्याच्या पुलावर उभं राहून सूर्य बुडताना बघून झालेलं असतं, आणि रात्रीची जेवणं आटोपली की फोन येतो. "आमच्यासाठी काहीतरी बघा ना. छोटंसंच. फक्त समुद्र दिसला पाहिजे."

रत्नागिरीत मी सतरा वर्षं घर-जमिनीची दलाली करतोय. दलाल म्हटलेलं मला लागत नाही, कामच ते आहे. पण पहिल्याच फोनवर "पाणी किती महिने असतं?" असं विचारणारी माणसं मला बोटांवर मोजण्याइतकीच भेटली, आणि त्यातली बहुतेक आधी एकदा पोळलेली होती. ज्यांनी आयुष्यात अजून एकही घर घेतलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय: कुठल्या क्रमाने जायचं, कुठे एजंटकडे काय मागायचं, आणि तो ते देत नसेल तर चहा अर्धा टाकून कधी उठायचं.

१. आधी तुमचं तुम्ही ठरवा

कोकणात 'घर घ्यायचंय' म्हणजे तीन निरनिराळे व्यवहार असतात. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीसारख्या गावांत फ्लॅट. वाडीतलं उभं घर, मागच्या परड्यासकट. किंवा मोकळी जागा घेऊन त्यावर बांधणं. तिन्हीचे कागद वेगळे, कायदे वेगळे आणि बँकेच्या साहेबांचा चेहराही वेगळा. पहिलंच घर आहे, कर्ज काढायचंय आणि कायम राहणारं कोणी नाही, असं असेल तर मी सरळ फ्लॅट सुचवतो. वाडीतलं बंद घर दोन पावसाळ्यांत वाळवीचं होतं, आणि शाकारणीला माणूस मिळवणं आता घर मिळवण्याइतकंच कठीण झालंय.

एजंट चांगला असेल तर घर दाखवण्याआधी तोच तुम्हाला प्रश्न विचारतो. वर्षातून किती दिवस येणार? सोबत म्हातारं माणूस आहे का? रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर गाडी कुठवर येते? डोंबिवलीचे एक काका-काकू माझ्याकडे आले होते. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी एका दुसऱ्या माणसाबरोबर एक कौलारू घर बघून पसंतही केलं होतं. पुढे लोटा म्हणजे बसायची ओटी, मागे आगर, नारळ-पोफळी, सगळं चित्रासारखं. मी त्यांच्याबरोबर पुन्हा तिथे गेलो. रस्त्यापासून घरापर्यंत चिऱ्याची पाखाडी होती. उतरताना मी मोठ्याने पायऱ्या मोजल्या. चौसष्ट. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते. वर परत येताना त्या तीनदा बसल्या, आणि तिसऱ्यांदा बसल्यावर काकांनीच ते घर सोडून दिलं. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

२. खिसा

घराची किंमत म्हणजे एकूण खर्च नाही, हे पहिल्यांदा घेणाऱ्याला दस्ताच्या आठवड्यात कळतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के, 30 ते 75 लाखांच्या कर्जात 80 टक्के आणि त्यावर 75 टक्के रक्कम मिळू शकते. ही वरची मर्यादा झाली. बँक आपलं मूल्यांकन करून कमीही देते. 40 लाखांचा फ्लॅट धरा. 32 लाख कर्ज मिळालं तरी 8 लाख तुमचे. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील, दलाली, मीटर, सोसायटी मिळून आणखी तीनेक लाख सहज जातात.

नोंदणी फी 1 टक्का, पण 30,000 रुपयांच्या वर नाही. मुद्रांक शुल्क शहराची हद्द की ग्रामपंचायतीची यावर बदलतं, आणि ते व्यवहाराची किंमत किंवा रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर यांतला जो आकडा मोठा असेल त्यावर लागतं. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात 1 टक्का सवलत आहे. चाळीस लाखांवर तेच चाळीस हजार होतात, म्हणून घरात ही चर्चा आधीच करा. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी पडतो: कोकणच्या गावांत 45 लाखांपर्यंतच्या आणि 90 चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या (कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र) घराला 1 टक्का, बाकीच्यांना 5. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही.

आणि वाडीतलं घर कर्जावर घ्यायचं असेल तर एजंटला नव्हे, आधी बँकेला विचारा. बिनशेतीचा आदेश आणि बांधकाम परवानगी नसेल तर बहुतेक बँका फाईल उघडतच नाहीत.

३. एजंट पारखणं

फ्लॅटच्या प्रकल्पात दलाली करणाऱ्याला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते. त्याचा नंबर 'ए' ने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी' ने. 2023 पासून एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. मलाही द्यावी लागली. इतक्या वर्षांनी पुन्हा पेपर लिहायला बसलो तेव्हा बायको पोरांसमोर मनसोक्त हसली. नंबर विचारायला लाजू नका, आणि महारेराच्या साईटवर टाकून बघा. वाडीतलं जुनं घर किंवा शेतजमीन यांच्या सुट्या व्यवहाराला हा कायदा लागत नाही, त्यामुळे तिथे गावातला कोणीही मध्यस्थ असू शकतो: रिक्षावाला, किराणावाला, कधी खुद्द भावकीतलाच एखादा. तो वाईटच असतो असं नाही. पण त्याने दाखवलेल्या प्रत्येक गोष्टीची खात्री तुम्हालाच करावी लागते.

दलाली किती, कोण देणार आणि कधी, हे पहिल्या दिवशी कागदावर घ्या. आमच्याकडे रिवाज साधारण एक ते दोन टक्क्यांचा आहे. कायद्याने ठरलेला आकडा नाही, तेव्हा बोलून घ्यावा.

आता आमच्या धंद्यातली एक वाईट खोड सांगतो. मालक म्हणतो 28 लाख. मधला तुम्हाला सांगतो 32. वरचे चार त्याचे, शिवाय दलाली वेगळी. मध्ये तीन माणसांची साखळी असेल तर प्रत्येकाचे वरचे वेगळे. हे टाळायचा उपाय सोपा आहे: इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देण्याआधी मालकासमोर बसायचं, आणि किंमत त्याच्या तोंडून ऐकायची. जो एजंट "मालक मुंबईत असतात, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू, नाहीतर पार्टी हातची जाईल" असं घोळवत राहतो, त्याच्याकडून उठा. बाजारात खरा भाव काय चाललाय तेही बघता येतं. शेजारच्या दोन-तीन व्यवहारांची सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, नोंदणी विभागाच्या साईटवर शोधता येते, त्यात मोबदला लिहिलेला असतो. काळ्या-पांढऱ्याच्या भानगडीत तो आकडा थोडा कमी असेल, पण दिशा कळते.

दुसरी खूण म्हणजे तो 'प्रस्तावित' हा शब्द किती वेळा वापरतो. प्रस्तावित सागरी महामार्ग, प्रस्तावित पूल, प्रस्तावित बंदर. कोकण रेल्वे 1998 मध्ये धावली, सिंधुदुर्गातल्या चिपीच्या विमानतळावर 9 ऑक्टोबर 2021 ला विमान उतरलं, हे खरंच; पण दोन्हींच्या नावावर त्याआधी कैक वर्षं जमिनी खपत होत्या. आज दारापर्यंत जो रस्ता येतो त्याचा भाव द्या.

आणि मुख्य म्हणजे, तुम्ही न विचारता तो व्यवहार मोडू शकेल अशी एखादी गोष्ट सांगतो का ते बघा. पहिल्या दोन भेटींत असं एकही वाक्य निघालं नाही, तर तो विकणाऱ्याचा माणूस आहे असं धरून चाला.

४. कागद

इथे घाई नको. माझ्या टेबलावर जाड पेन्सिल कायम असते ती यासाठीच.

सातबारा ऑनलाइन काढा. डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो कामाचा नाही, तो किती जुना आहे कोणाला माहीत. सोबत 8अ चा, म्हणजे खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा, उतारा आणि त्या नंबरावरचे सगळे फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, घ्या. मग पेन्सिल घेऊन नावं मोजा. कोकणातला सातबारा म्हणजे अख्ख्या घराण्याची वंशावळ असते. परवाच एका बारा गुंठ्यांच्या तुकड्यावर मी एकवीस नावं मोजली. विकायला आलेला गृहस्थ त्यांतला एक. त्याच्या नावापुढे आणेवारी होती दोन आणे आठ पै. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै. म्हणजे त्याचा हिस्सा सहावा, बारा गुंठ्यांतला दोन गुंठे. आणि तोही कुठल्या कोपऱ्यातला, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. तो मात्र तोऱ्यात दगडी गडग्यापासून गडग्यापर्यंत हात फिरवून दाखवत होता.

असा अविभक्त हिस्सा विकता येतो. पण घेणाऱ्याच्या हातात वाद येतो, जागा येत नाही. घर एकत्र कुटुंबाचं असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे बाहेरच्या खरेदीदाराला त्या घरात एकत्र ताब्याचा हक्कच नाही. म्हणून आधी वाटप, मोजणी, पोटहिस्सा, स्वतंत्र सातबारा. नाहीतर सगळ्याच्या सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या.

'सगळ्या' म्हणजे कोण? जी नावं आहेत ती. त्यांतली जी माणसं गेली त्यांचे वारस. आणि बहिणी. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे. "तिचं लग्न झालं, ती काही मागत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर मी फक्त "मग तिची सही आणा" एवढंच म्हणतो. हक्कसोडपत्र असेल तर ते नोंदणी केलेलं हवं. साध्या कागदावरच्या सहीला अर्थ नाही. वारसांत कोणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल तर पुढे जाण्याआधी वकिलाला विचारा.

त्यानंतर सातबाऱ्यावरचा 'इतर अधिकार' हा रकाना. नावं वाचून डोळे थकलेले असतात, म्हणून हा भाग वाचायचा राहतो, आणि भुतं नेमकी इथेच बसलेली असतात. कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, नाव. कुळकायदा कलम 43 चं विक्रीवरचं बंधन: कुळाने विकत घेतलेल्या जमिनीवर ते असतं, आणि खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट रक्कम भरून ते उठू शकतं. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा. 'खाजगी वने' असा शेरा दिसला तर खाजगी वनं सरकारकडे घेणारा 1975 चा कायदा लागतो. तिथून मी गिऱ्हाईकाला सरळ परत आणतो. देवस्थान इनाम. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. सिंधुदुर्गात उतरलात तर जमिनीवर सरकारचा, वनखात्याचा किंवा अख्ख्या गावाचा हक्क सांगणारे आणखी काही शब्द कानावर येतील: आकारीपड, वनसंज्ञा, आंबोली-चौकुळ-गेळेकडे कबुलायतदार गावकर. यांतला कुठलाही शब्द दिसला की "सगळ्या गावाचंच असं आहे, काही होत नाही" हे उत्तर ठरलेलं. सगळ्या गावाचं असेल. गाव तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतं. तुम्हाला तिथे कर्ज काढून बांधायचंय.

शेतजमिनीबद्दल एकच सांगतो: शेतकरी नसाल तर परवानगीशिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही. कुळकायद्याचं कलम 63. साताऱ्याला किंवा बीडला तुमच्या नावाचा सातबारा असेल तर तुम्ही शेतकरी, प्रश्न मिटला. नसेल तर "दाखला आम्ही करून देतो" म्हणणाऱ्यापासून दहा हात लांब राहा. असा व्यवहार कलम 84क खाली अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून दहा-दहा जणांची नावं एका सातबाऱ्यावर चढवून देतात, तीही त्यातलीच गत. तुकडेबंदीचे, म्हणजे फार छोटा तुकडा विकायला मनाई करणारे, नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदललेत. घ्यायचं क्षेत्र आज नोंदणीला चालतं का, हे दुय्यम निबंधकांकडे जाऊन विचारा.

उभ्या घराचा सापळा वेगळा. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, म्हणजे नमुना 8, विकणाऱ्याच्या नावावर असतो. घरपट्टी तो तीस वर्षं भरतोय. आणि घराखालची जमीन सातबाऱ्यावर तिसऱ्याच्याच नावावर, जुन्या खोताच्या (गावाचा सारा गोळा करणारा वतनदार) नाहीतर चुलत घराच्या. खोती 1949 च्या कायद्याने गेली, तिचे कागद अजून निस्तरतायत. घरपट्टीचा उतारा हा कर भरल्याचा कागद आहे, मालकीचा नाही. दोन्ही उतारे शेजारी शेजारी ठेवून नावं जुळतात का बघा. नव्वद टक्के पैसा या घरात जाणार आहे आणि हे बघायला पाच मिनिटं लागतात.

वकील तुमचा हवा. एजंटने सुचवला तरी चालेल, पण एकच नाव सुचवत असेल तर दुसरा शोधा. मालकी कशी बदलत आली याचा तीस वर्षांचा शोध अहवाल लेखी घ्या. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, आणि ती फक्त इथल्या पेपरात नको. हरकत घेणारी भावकी परळ-भांडुप-विरारला असते. ती जो पेपर वाचते त्यातही द्या. खरेदी झाल्यावर उगवणाऱ्या चुलत्यापेक्षा आधी उगवलेला चुलता परवडला.

५. जागेवर

दोनदा जा. एकदा मे महिन्यात, एकदा जुलैत. "तोवर जाईल हातातून" असं म्हणतात. जाऊ दे.

मे मध्ये विहिरीवर. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिलअखेर टँकर फिरतो, कारण जांभा पाणी धरत नाही आणि उतार ते थेट खाडीला नेऊन सोडतो. डोंबिवलीच्या त्याच काका-काकूंना मी वीस मे च्या सुमारास दुसरं एक घर दाखवलं. विहीर रहाटाची. मालक म्हणाला, "बारमाही हाय, आटताना कुनी बगितली नाय." मी पोहरा सोडला, तळाला टेकेपर्यंत दोर दिला आणि वर ओढून दोराचा ओला भाग काकूंच्या हातात दिला. दोन हातही भरला नाही. मग पोहऱ्यातलं पाणी त्यांना चाखायला सांगितलं. मचूळ. खाडी चारशे पावलांवर होती, विहिरीतलं गोडं पाणी खाली गेलं की खारं आत सरकतं. मालकाने तोंड फिरवलं. शेजारच्या घरामागे चार निळी पिंपं मांडलेली होती ती मी आधीच बघितली होती. विहिरीला विचारण्याआधी शेजाऱ्याच्या पिंपांना विचारावं.

जुलैत जायचं ते पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे बघायला. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा पऱ्या, म्हणजे ओढा, पावसात अंगणातून वाहतो. घरामागे उभी दरड कापलेली असेल तर तिथे मी रात्र काढणार नाही, तुम्हालाही काढू देणार नाही. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळीयेत वस्तीवर दरड कोसळली ते आम्ही विसरलेलो नाही. त्याच दिवशी चिपळूणला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली. चिपळूणला फ्लॅट बघताना तळमजल्याचे मीटर नवे आहेत का, पार्किंगच्या भिंतीला एका उंचीपर्यंतच नवा रंग आहे का, ते बघा, आणि समोरच्या दुकानदाराला "2021 ला पाणी कुठवर होतं?" एवढं विचारा. तो हाताने उंची दाखवील. मग नगरपरिषदेत निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या.

समुद्राजवळ सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर बांधकामाला बंदी हा 2011 च्या अधिसूचनेचा नियम. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी तो 50 मीटरवर आणला, बाकीच्यांना 200 च राहिला. तुमचं गाव कशात येतं आणि भरतीरेषा कुठून जाते हे किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर बघायचं. वाळूत उभं राहून पावलं मोजणारा एजंट मी पाहिलाय. पावलं तो लांब टाकत होता.

जुनी इमारत असेल तर गॅलरीखाली उभे राहा आणि वर बघा. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ स्लॅबमधल्या सळीपर्यंत पोचतं, सळी गंजून फुगते आणि खालचा थर सुटतो. गाडीच्या किल्लीने ठोका. पोकळ आवाज आला किंवा तांबूस डाग दिसला तर दुरुस्तीचे पैसे किमतीतून वजा करा.

आता वाट. हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथे चूक माझी आहे. धंद्यात नवा होतो तेव्हा एका मास्तरांना घर घेऊन दिलं. दुचाकी शेजाऱ्याच्या खळ्याच्या कडेने घरापर्यंत जायची. विकणारा म्हणाला, पिढ्यान्‌पिढ्या इथूनच जातो. शेजारी तेव्हा ओटीवर बसून पान लावत होता, काही बोलला नाही, मी ते संमती धरलं. खरेदी झाली, आणि दिवाळीनंतर तिथे कंबरभर गडगा उभा राहिला. मास्तरांनी मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे अर्ज केला. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत तो करावा लागतो, एवढं तरी मी वेळेत सांगितलं. त्यांचे हेलपाटे काही चुकले नाहीत. मी दलाली परत केली; मास्तरांनी घेतली, आणि बोलणं बंद केलं. तेव्हापासून माझा नियम: वाट गाव नकाशात दिसते का बघायची, नसेल तर शेजाऱ्याला खरेदीखतात संमती देणार म्हणून सही करायला बसवायचं आणि वाटेची रुंदी फुटांत लिहायची. शेजारी सही देत नसेल तर ते घर विकायला निघालेलंच नाही असं समजायचं.

हद्दीसाठी सरकारी मोजणी. भूमी अभिलेखचा भूमापक येतो, खुणा घालतो, आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं; एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, एक आर 100 चौरस मीटर. दोन्ही जवळपास सारखे, पण भाव फुटावर ठरत असेल तर फरक मोजून घ्या. बाग असेल तर कलमं कोणाला कराराने दिलीत का, तेही विचारा. नाहीतर मार्चमध्ये तुमच्याच आंब्यावर दुसराच माणूस आंबे उतरवायची घळ घेऊन चढलेला असायचा.

६. नवा फ्लॅट असेल तर

हे त्यामानाने सोपं. जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर महारेराची नोंदणी लागत नाही. त्यावरच्या प्रत्येक प्रकल्पाला लागते. आमच्याकडे सात-आठ फ्लॅटच्या इमारती खूप, म्हणून बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, तुम्हालाच मागावं लागतं. नोंदणी असेल तर साईटवर मंजूर नकाशा, ताब्याची तारीख आणि किती फ्लॅट विकले ते दिसतं. भाव कार्पेटवरच ठरवा. नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती त्याची. मी टेप घेऊन जातो आणि बेडरूम मोजतो. नमुना फ्लॅटमधला पलंग पुष्कळदा मुद्दाम छोटा बनवलेला असतो.

७. इसार ते किल्ली

इसार द्याल तो चेकने किंवा बँकेतून, आणि पावतीवर तीन गोष्टी असू द्या: एकूण किंमत, मुदत, आणि कागदांत खोट निघाली तर इसार पूर्ण परत. 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं-देणं आयकर कायद्यात बसत नाही. किंमत 50 लाख किंवा त्यावर असेल तर 1 टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या वाट्याचा आयकर, तुम्ही किमतीतून कापून भरायचा.

मग साठेखत, म्हणजे विकण्याचा करार, शेवटी खरेदीखत, दोन्ही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेले. "नोटरी करून टाकू, स्वस्तात होईल" हे ऐकू नका. घर-जमिनीच्या खरेदीला नोंदणी लागतेच. विकणाऱ्याच्या वतीने कुलमुखत्यार, म्हणजे सहीचा अधिकार दिलेला माणूस, येणार असेल तर त्याचं अधिकारपत्र नोंदवलेलं आहे का, आणि मूळ मालक जिवंत आहे का, दोन्ही विचारा. दुसरा प्रश्न विचित्र वाटतो. विचारा.

आदल्या रात्री दस्ताचा मसुदा मोठ्याने वाचा, विशेषतः चतुःसीमा. पूर्वेस, पश्चिमेस, उत्तरेस, दक्षिणेस कोण, वाट कुठून, विहिरीत हक्क आहे का. विहीर सामाईक असेल तर किती वाटेकरी, पंप लावायचा की नाही, तेही. चांगला एजंट त्या वेळी तुमच्या शेजारी बसलेला असतो आणि त्याच्या हातात क प्रत असते.

८. नंतर

दस्त झाला म्हणजे सातबारा आपोआप बदलला असं नसतं. फेरफाराची नोंद झाली का, हे तलाठ्याकडे बघा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून तलाठीच. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. ती मंजूर होऊन तुमच्या नावाचा नवा सातबारा हातात येईपर्यंत पाठपुरावा एजंटने करायचा. त्याबरोबर घरपट्टी, पाणीपट्टी आणि लाइटचं मीटर नावावर.

म्हणून माझ्या गिऱ्हाइकांशी मी दलालीचे दोन हप्ते ठरवतो: अर्धी खरेदीखताच्या दिवशी, अर्धी फेरफार मंजूर झाल्यावर. डोंबिवलीच्या काकांनी दुसरा हप्ता दिला तो गेल्या मार्चमध्ये. घर तळमजल्याचं, पायऱ्या तीन, समुद्र दिसत नाही. काकूंनी त्या दिवशी चहाआधी मला तांब्याभर पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "आमच्या विहिरीचं आहे. बघा पिऊन."

गोड होतं. तरी वीस मे ला पुन्हा दोर सोडून बघा, म्हटलं त्यांना.